ए४ कागद असूनही प्रिंटर लेटर का मागतो?

प्रश्न : लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. ट्रेमध्ये ए४ कागद असूनही प्रिंट दिली की प्रिंटर अडतो आणि त्याच्या पडद्यावर 'लोड लेटर' असं येतं. दर वेळी हाताने ए४ निवडलं की छपाई होते. ए४ कायमचं कसं ठरवायचं?

उत्तर : लेटर हा अमेरिकेतला कागद, २१६ × २७९ मिलिमीटर. आपला ए४ २१० × २९७. मिंटमधला प्रदेश अमेरिकेचा राहिला असेल, तर बरेच प्रोग्राम लेटरच धरून चालतात. म्हणून आधी प्रदेश बदला. सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'लँग्वेजेस' उघडा, 'रीजन'पुढे 'इंग्लिश, इंडिया' किंवा मराठी निवडा, 'अप्लाय सिस्टिम-वाइड' दाबा आणि लॉग आउट करून परत या. मेनूची भाषा इंग्रजीच ठेवली तरी चालते.

मग प्रिंटर. 'प्रिंटर्स'मध्ये तुमच्या प्रिंटरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'प्रिंटर ऑप्शन्स'. तिथे 'मीडिया साइझ' किंवा 'पेज साइझ' ए४ करून 'अप्लाय'. हीच सोय ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ या पत्त्यावर 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स'खाली मिळते.

एवढं करूनही लेटर परत आलं, तर बहुधा तुमच्या खात्यातली जुनी निवड आड येते. छपाईची यंत्रणा, म्हणजे कप्स, सगळ्यांसाठीची सेटिंग वेगळी ठेवते आणि प्रत्येकाची स्वतःची वेगळी. स्वतःची असेल तर तीच चालते. होम फोल्डरमध्ये कंट्रोल+एच दाबा, लपलेल्या 'कप्स' फोल्डरमधली 'एलपीऑप्शन्स' फाइल उघडा आणि त्यात लेटर दिसलं तर तेवढाच शब्द बदलून ए४ करा. अख्खी फाइल उडवू नका, तुमचा नेहमीचा प्रिंटर कोणता हेही तिच्यातच लिहिलेलं असतं. फायरफॉक्स आणि क्रोम मागच्या वेळचा कागद लक्षात ठेवतात, तेव्हा त्यांच्या प्रिंट खिडकीत एकदा ए४ निवडून छापा. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत ट्रेचा कागद लेटर राहिला असेल, तर तो तिथेच बदलावा लागतो, संगणकावरून काही होत नाही.

लिबरऑफिसमधल्या जुन्या फाइलींना यातलं काहीच लागू होत नाही, कारण कागदाचं माप फाइलीतच साठवलेलं असतं. 'फॉरमॅट', 'पेज स्टाइल', 'पेज' इथे जाऊन प्रत्येक फाइल बदलावी लागेल. नव्या फाइलींसाठी 'टूल्स', 'ऑप्शन्स'मधल्या भाषेच्या पानावर 'लोकेल' भारताचं करा. बाहेरून आलेली लेटर मापाची पीडीएफ मात्र बदलत बसू नका. छापताना 'फिट टू प्रिंटेबल एरिया' निवडा. मूळ मापात छापली, तर रुंदीला ६ मिलिमीटर कमी पडतात आणि कडेचा मजकूर कापला जाऊ शकतो.

प्रश्न : लीगल निवडून मोठ्या कागदावर छापलं, की शेवटची ओळ कापली जाते. असं का?

उत्तर : कागद पट्टीने मोजा. लीगल ३५६ मिलिमीटर लांब असतो. तुमचा ३३० च्या आसपास भरला, तर तो फुलस्केप आहे. यादीत 'फोलिओ' शोधा. ते नसेल किंवा लांबी वेगळीच भरली, तर 'कस्टम'मध्ये मोजलेली रुंदी आणि लांबी टाका. फाइलीतल्या पानाचं मापही तेच ठेवा, नाहीतर ओळ पुन्हा कापली जाईल.