त्यानं चूक शोधली, पण परवानगी घेतली होती का?

पत्र थोडक्यात असं आहे: "आम्ही कोल्हापूरचे. मुलगा इथंच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिस्टरांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा एका फर्ममध्ये इंटर्नशिप करतोय, ती शिरोली एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचं नेटवर्क सांभाळते. कुठला सर्व्हर चालू, कुठला बंद, हे दाखवणारं एक सॉफ्टवेअर तिथं आहे. त्यात त्याला 'सीएसआरएफ' नावाची चूक सापडली. त्यानं घरी एक पान तयार केलं, सिनिअरला लिंक पाठवली. सिनिअरनं ती उघडली आणि काही बिघडलं की मोबाइलवर येणाऱ्या एका कारखान्याच्या सगळ्या सूचना बंद झाल्या. यानं लगेच परत चालू केल्या. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, पण चांगलाच ओरडा बसला. आता म्हणतो, कॅम्पसची तयारी करणार नाही, सिक्युरिटीतच जाणार, दीड लाखाचा कोर्स लावा. मिस्टर म्हणतात, हे हॅकिंग आहे, पोलीस दारात येतील. आम्ही काय करावं?"

ताई,

तुमच्या मुलाला जे सापडलं ते खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. ते त्यानं ज्या रीतीनं दाखवलं, ती रीत चुकली. या दोन्ही गोष्टी घरात एकाच वेळी बोलल्या गेल्या पाहिजेत. सध्या मुलगा फक्त पहिली सांगतोय आणि बाबा फक्त दुसरी, म्हणून घरात धुसफूस आहे.

आधी त्याला सापडलं काय ते समजून घ्या. तुमच्याकडे रोज दुधाचा रतीब आहे असं धरा. गवळीमामा तुमच्या धाकट्याला चेहऱ्यानं ओळखतात. एक दिवस गल्लीच्या कोपऱ्यावर कुणीतरी त्याला सांगतं, "मामांना सांग, आईनं उद्यापासून दूध बंद करायला सांगितलंय." पोरगं निरागसपणे जाऊन सांगतं. मामा बघतात, पोरगं ओळखीचं आहे, आणि रतीब बंद करतात. कोपऱ्यावरच्या माणसानं तुमच्या घरात पाऊल टाकलं नाही, काही चोरलं नाही, मामांशी बोललासुद्धा नाही. तुम्हाला कळतं ते सकाळी दूध आलं नाही तेव्हा.

यातलं पोरगं म्हणजे ब्राउझर, आणि त्याचा ओळखीचा चेहरा म्हणजे कुकी. आपण एखाद्या ठिकाणी लॉगिन केलेलं असतं, तेव्हा ब्राउझर तिथं जाणाऱ्या प्रत्येक मागणीबरोबर ती कुकी आपोआप जोडून देतो. मागणी आपण बटण दाबून केली की शेजारच्या टॅबमधल्या परक्या पानानं करवून घेतली, हे समोरचा सर्व्हर तपासत नसेल, तर त्या चुकीला क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी, म्हणजेच सीएसआरएफ, म्हणतात. कोण आलं हे मामांनी पाहिलं, कुणी पाठवलं हे विचारलं नाही. उपायही तसा घरगुतीच आहे. मामांनी रोज दुधाबरोबर वेगळी खूण असलेली चिठ्ठी घरात द्यायची, आणि त्या चिठ्ठीशिवाय कुठलाच निरोप मानायचा नाही. कोपऱ्यावरच्या माणसाला ती चिठ्ठी दिसत नाही. वेबच्या भाषेत हिला टोकन म्हणतात.

आता हीच चूक देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये असली तर एवढी गंभीर का? पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्या आकड्यावर माणसांनी घरं सोडली. समजा पाणी चढतंय, पण तो आकडा गावाला कळवणारी यंत्रणाच कुणीतरी आदल्या रात्री बंद करून ठेवली आहे. पूर त्यानं आणलेला नाही, पण माणसं झोपेत राहिली. कारखान्याच्या सूचना बंद होणं हे याच जातीचं नुकसान आहे. पुढं सर्व्हर पडला, डिस्क भरली, कुणी आत शिरलं, तरी मोबाइलवर एकही मेसेज येणार नाही. ज्याच्या भरवशावर सगळे निर्धास्त आहेत, तोच गप्प झालेला असतो.

ही नवी गोष्टही नाही. नागिऑस हे देखरेखीचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. २००८ मध्ये त्याच्या ३.०.५ आवृत्तीत नेमकी हीच चूक नोंदवली गेली. सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२००८-५०२८. हुकूम देणाऱ्या सीएमडी डॉट सीजीआय या फाइलला बाहेरच्या पानावरून हुकूम सोडता येत होते, आणि त्यातून सर्व्हरवर प्रोग्रॅमही चालवता येत होते. मुलाला ही नोंद शोधून वाचायला सांगा. आपण एकटेच काहीतरी अद्भुत शोधून बसलोय असं त्याला वाटत असेल, तर ते पाय जमिनीवर येण्यासाठी बरं. आणि आपण शोधलं त्याला काही किंमत नाही असं वाटत असेल, तर तेही दूर होईल.

बाळा, इथून थोडं तुझ्याशी बोलतो.

तुला कुणीतरी सांगेल की सीएसआरएफ संपलं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत ते २०१३ ला आठव्या क्रमांकावर होतं, २०१७ ला यादीतून वेगळं नाव म्हणून निघालं. वेबसाइट बनवायच्या नव्या तयार सांगाड्यांत, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये, टोकन आयतं येतं, आणि २०२० पासून क्रोमनं कुकीवर सेमसाइट लॅक्स हा नियम स्वतःहून लावायला सुरुवात केली, म्हणजे परक्या पानानं करवलेल्या मागणीबरोबर कुकी सहसा जात नाही. हे सगळं खरं आहे. पण तू जिथं काम करतोस तिथली स्थिती बघ. सॉफ्टवेअर जुनं आहे, कारण "चालतंय ना, मग हात लावू नका." ते इंटरनेटवर उघडं नाही, म्हणून ते सुरक्षित आहे असं सगळे धरून चालतात. पण सिनिअरचा ब्राउझर कारखान्याच्या नेटवर्कच्या आतच बसलाय. देखरेखीचा पडदा, म्हणजे डॅशबोर्ड, सकाळी नऊपासून एका टॅबमध्ये उघडा, आणि शेजारच्या टॅबमध्ये मेल, बातम्या, क्रिकेटचा स्कोअर. हल्लेखोराला आत शिरायची गरजच नाही. लॅक्ससुद्धा लिंकवर क्लिक करून साधं पान उघडलं तर कुकी जाऊ देतो, म्हणजे नुसत्या लिंकनं हुकूम चालत असेल तर तो नियम कामाचा नाही. आणि लॉगिन अपाचे या वेब सर्व्हरच्या बेसिक ऑथेंटिकेशननं होत असेल तर मुळात कुकीच नाही. ब्राउझर नाव आणि पासवर्ड आपोआप पाठवतो, सेमसाइटचा त्याच्याशी संबंधच येत नाही. तुझ्या ठिकाणी यातलं नेमकं काय घडलं, हे तुला सांगता येतं का? "लिंक उघडली आणि बंद झालं" एवढ्यावर थांबलास, तर अजून शोध लागलेला नाही.

आणि आता कठोर बोलतो. तू तो प्रयोग चालू कारखान्यावर केलास. कारखान्याच्या मालकाला विचारलं नव्हतं, फर्मच्या मालकाला विचारलं नव्हतं, आणि सिनिअरच्या हातून त्याच्या नकळत हुकूम सोडून घेतलास. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवलीस, आणि त्या खांद्याला ते माहीतही नव्हतं. सूचना बंद असलेल्या त्या काही मिनिटांत सर्व्हर रूमचा एसी बंद पडला असता तर? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या अशा गोष्टींची भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझा हेतू वाईट नव्हता, हे मला पत्रावरूनही कळतं. पण हेतू कागदावर दिसायला लागतो, आणि तो कागद म्हणजे आधी घेतलेली लेखी परवानगी. सिक्युरिटीत पैसे घेऊन काम करणारा माणूस आणि आरोपी, या दोघांच्या हातातली हत्यारं सारखीच असतात. फरक त्या कागदाचा.

ताई, आता करिअरचं.

कॅम्पस सोडू देऊ नका. वेब डेव्हलपर, नेटवर्क, टेस्टिंग, जे मिळेल ते त्यानं दोन वर्षं मनापासून करावं. मी हे सुरक्षित खेळा म्हणून सांगत नाही. ज्यानं स्वतः लॉगिन लिहिलंय, सेशन सांभाळलंय, रात्री बंद पडलेला सर्व्हर उठवलाय, त्यालाच दुसऱ्याच्या कामातली चूक मुळापासून दिसते. पुण्यातल्या कंपन्यांत अॅप्लिकेशन सिक्युरिटीच्या टीम आहेत, आणि सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था मान्यताप्राप्त ऑडिट कंपन्यांची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीतल्या कंपन्यांत नवख्या मुलांना वेब ऑडिटचं काम मिळतं. तिथं दिवसाचा मोठा भाग अहवाल लिहिण्यात जातो, हे त्याला आत्ताच कळू द्या.

दीड लाखाचा कोर्स आत्ता नको. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे, तिथं सीएसआरएफचे सराव पायरीपायरीनं दिलेत. डीव्हीडब्ल्यूए नावाचं मुद्दाम कच्चं ठेवलेलं अॅप्लिकेशन घरच्या लॅपटॉपवर बसवता येतं. नागिऑस खुलं आहे, त्याची जुनी आवृत्ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या नकली संगणकात, इंटरनेटपासून तोडून, उभी करावी आणि तिथं हवं ते फोडावं. सहा महिने हे नेमानं केलं, तरी त्याची ओढ तशीच राहिली, तर प्रमाणपत्राच्या परीक्षेचं बोलू. बग बाउंटीच्या, म्हणजे चूक कळवल्याबद्दल कंपन्या देतात त्या बक्षिसाच्या, पैशावर घर चालेल असं मात्र त्याला वाटू देऊ नका. परक्या पानानं नुसतं लॉगआउट करवणारं सीएसआरएफ तर बऱ्याच कंपन्या बक्षिसाच्या यादीतच धरत नाहीत.

ओरडा बसला म्हणून इंटर्नशिप सोडायची नाही. येत्या शनिवारी त्यानं फर्मच्या मालकांना भेटावं, सिनिअर समोर असताना. आधी, न विचारता प्रयोग केल्याची सरळ कबुली आणि माफी. मग दोन पानांचा अहवाल: सॉफ्टवेअरची आवृत्ती कुठली, कुठला हुकूम बाहेरून चालतो, त्यानं काय बिघडू शकतं, आणि आज काय करता येईल. आज करण्यासारखं बरंच आहे. आवृत्ती वाढवणं, डॅशबोर्डसाठी वेगळा ब्राउझर ठेवणं ज्यात दुसरं काहीच उघडायचं नाही, आणि भिंतीवरच्या स्क्रीनला फक्त बघण्यापुरतं लॉगिन देणं. शेवटच्या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. चूक नवीच निघाली, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना फर्मच्या नावानं कळवावं, त्यांचं उत्तर येत नसेल तर सर्ट-इनला. तोवर मित्रांच्या ग्रुपवर किंवा लिंक्डइनवर एक अक्षर नको.

आणि तो अहवाल फर्ममध्ये देण्याआधी त्याच्या बाबांना वाचायला द्या, कारखान्याचं नाव झाकून. लेथवर अर्धा मिलिमीटर कुठं चुकला हे गिऱ्हाइकाला कसं समजावून सांगायचं, हे त्यांना चांगलं माहीत आहे. त्यांना जिथं अडेल, ती ओळ त्यानं परत लिहावी.