‘सर्व दिवस’ यात सोमवारही आला

जय ख्रिस्त ताई,

तुम्ही विचारलंय की रविवारी उपासनेत देव अगदी शेजारी बसल्यासारखा वाटतो आणि सोमवारी सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये काही म्हणजे काही वाटत नाही. मग तो खरंच रोज बरोबर असतो का, आणि यावर भरवसा ठेवायचा कसा. वर एका बंधूंनी लिहिलंय, तुमचा विश्वास कमी पडतोय, २१ दिवस उपास करा. उपासाला माझी ना नाही. पण न वाटणं म्हणजे विश्वास नसणं, हे काही मला पटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातलं शेवटचं वचन आपल्याला पाठ असतं: “पाहा, युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे.” घराघरात भिंतीवर असतं. त्याच्या जरा वरचं १७वं वचन मात्र मी आजवर एकाही भिंतीवर पाहिलेलं नाही. गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्य मरणातून उठलेल्या प्रभूला पाहतात, नमन करतात, तरी कित्येकांना संशय वाटतो. तो डोळ्यांसमोर उभा असताना! आणि प्रभू त्या संशयवाल्यांना वेगळं काढून “तुमचं मागाहून बघू” असं म्हणत नाही. अभिवचन सगळ्या अकरा जणांना मिळतं.

दुसरं म्हणजे तो शब्द, ‘सर्व दिवस’. मूळ ग्रीकमध्येही अक्षरशः ‘सगळे दिवस’ असंच आहे. ‘सदैव’ म्हटलं की कसं, हवेत विरून जातं. दिवस मोजता येतात. त्यात सोमवार येतो, गॅस संपलेला दिवस येतो, साहेबांनी चारचौघांत झापलेला दिवस येतो. “तुम्हाला मी जाणवेन” असं मात्र त्या वचनात कुठे म्हटलेलं नाही. मी आहे, एवढंच आहे.

हे मला कळायला फार वर्षं लागली. नगर जिल्ह्यात एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. बहुतेक रविवारी ड्यूटी, त्यामुळे देवळात जाणं महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. मुक्कामी गाडी असली की रात्री गावात शाळेच्या ओट्यावर नाहीतर गाडीतच मागच्या बाकावर झोपायचं, पैशांची बॅग उशाला. डासांत आणि पंक्चरच्या वासात स्तोत्र म्हणून बघा, काय जाणवतं ते!

तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी एक साधी गोष्ट सांगितली. म्हणाले, दिवसातून शंभर वेळा घंटी मारता ना, तिलाच धरा. गाडी हलताना डबल बेल दिली की मनात म्हणायचं, “प्रभू, तू आहेस.” बस्स. पहिल्या दिवशी साधारण चाळीस थांब्यांतून मला तीनदा आठवलं. बाकीचा वेळ सुट्ट्या पैशांची भांडणं. वेबिलात आकडे जुळत नसले की देव काय, स्वतःचं नावही आठवत नसे. पण हात दोरीकडे जायचा तसे हळूहळू ते शब्दही यायला लागले. अंगावर काटा येणं, डोळे भरून येणं, यातलं काही झालं नाही, पुष्कळ वर्षं झालं नाही. एवढंच झालं की एखाद्या म्हातारीवर खेकसायला तोंड उघडलं की कधी कधी मध्येच मिटायचं.

(चर्चच्या मंडळीत एकदा मला म्हणाले, साक्ष द्या, देव चालक आणि आपण प्रवासी असा दृष्टांत सांगा. मी नको म्हटलं. मी फार चालक जवळून बघितलेत.)

पॅरिसच्या कार्मेल मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधू होऊन गेले. आधी सैनिक, मग मठात आचारी. स्वयंपाकघराची त्यांना मनापासून नावड होती आणि वर्षानुवर्षं तेच काम केलं. भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलायची सवय त्यांनी लावून घेतली. लोक त्यांची ती शांती सांगतात. सुरुवातीची दहा-एक वर्षं त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली, ते सांगत नाहीत.

आता अंधाराचं. तुम्ही लिहिलंय, मागच्या महिन्यात प्रार्थनेला बसलात आणि शब्दच सुचले नाहीत. ८८वं स्तोत्र उघडा. इतर विलापस्तोत्रं बहुधा शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. पण सबंध स्तोत्र देवालाच उद्देशून आहे. अंधार आहे असं तो माणूस अंधारालाच सांगत बसलेला नाही.

माझ्या बायकोला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी अकरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो. प्रभूची प्रार्थना म्हणायचो, ती “आमची रोजची भाकर आज आम्हांस दे” इथपर्यंत जायची आणि थांबायची. पुढचं आठवायचंच नाही. दहा वर्षांचा असल्यापासून पाठ असलेली प्रार्थना! चौथ्या दिवशी मंडळीतली एक विधवा बाई एसटीने डबा घेऊन आली. बाजरीच्या दोन भाकरी, मेथी, वर फडक्यात बांधलेला ठेचा. बोलली काहीच नाही, मी जेवेपर्यंत बसली आणि डबा धुऊन घेऊन गेली. तेव्हा मला बायबलातला एलीया संदेष्टा वगैरे काही सुचला नाही. भूक लागली होती, जेवलो.

सहा-सात महिन्यांनी घरच्या उपासनेत बायबलातल्या ‘१ राजे’ या पुस्तकाचा १९वा अध्याय वाचत होतो. एलीया झुडपाखाली मरण मागून झोपलाय, देवदूत उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो. उपदेश नाही. तो खातो, पुन्हा झोपतो, मग पुन्हा भाकर. तिथे माझा आवाज अडकला. हिला बोलता येत नव्हतं, पण तिने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं.

म्हणून ताई, आधी विचारतो: झोप लागते का? वेळेवर जेवता का? शिफ्टची नोकरी आहे तुमची. आठवडेच्या आठवडे झोप, भूक, गोडी सगळंच गेलं असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्याने विश्वासाला काही कमीपणा येत नाही. एलीयालाही आधी भाकरच मिळाली, डोंगरावरचं बोलणं नंतर.

आणि रोज व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या चित्रावर वचनं येतात ना, ती वाचून मन भरत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका. माझंही भरत नाही.

तुमच्या बसला घंटी नसेल, पण ऑफिसच्या दाराशी कार्ड लावता तेव्हा दिवा हिरवा होतो ना? तेवढ्यापुरतं म्हणून बघा, “प्रभू, तू आहेस.” विसरलात तर दुसऱ्या दाराशी.

सोमवारची बस किती वाजताची असते, ते तेवढं कळवा. हिच्या पहाटेच्या औषधासाठी मी साडेचारपासून जागाच असतो.