एपीके जपली म्हणजे गेम जपला?

प्रश्न : आम्ही तिघं मित्र युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोबाइल गेम करतो. पहिल्या गेमची एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर गेम बसवायची तयार फाइल, जपून ठेवली आहे. तेवढं पुरे ना? मोठे स्टुडिओ काय करतात? – एक वाचक, नाशिक

उत्तर : एपीके हवीच, पण ती म्हणजे शिजलेला भात, त्यातून तांदूळ परत निघत नाहीत. उद्या नव्या अँड्रॉइडसाठी गेम पुन्हा बांधायचा झाला, तर मूळ प्रोजेक्टच लागेल.

अ‍ॅसेट्स, पॅकेजेस आणि प्रोजेक्ट सेटिंग्ज हे तीन फोल्डर ठेवा. लायब्ररी फोल्डर भलताच जड असतो, पण तो युनिटी पुन्हा तयार करते, खुशाल वगळा. युनिटी एडिटरची आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत टिपा आणि तिचाच इन्स्टॉलर, शिवाय एसडीके, एनडीके ही अँड्रॉइडसाठी गेम बांधायची साधनं शेजारी ठेवा. चित्रांच्या लेयरसकट मूळ फाइली हव्यात. संगीताचा एकेक ट्रॅक वेगळी वेव्ह फाइल करून ठेवा, नाहीतर जुनं प्लगइन बंद पडलं की संगीताचा प्रोजेक्ट उघडतो, वाजत मात्र नाही. कीस्टोअर (गेमवर तुमची डिजिटल सही करायची किल्ली ठेवणारी फाइल) आणि त्याचे पासवर्ड तिघांकडेही असूद्यात.

घात होतो तो गिट एलएफएसवर, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमधल्या, मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायच्या सोयीवर. रेपोची (गिटमधल्या प्रोजेक्टच्या साठ्याची) झिप उतरवली की बॅकअप झाला असं वाटतं. उघडून पाहावं तर चित्राच्या जागी बहुधा तीन ओळींची मजकूर फाइल असते : व्हर्जन, ओआयडी (फाइलची ओळखखूण), साइझ. खरं चित्र सर्व्हरवरच राहिलेलं. म्हणून मिरर क्लोन, म्हणजे इतिहासासकट रेपोची पूर्ण प्रत, करा आणि त्यात ‘एलएफएस फेच’ ही आज्ञा ‘ऑल’ पर्यायासह चालवा.

परवान्यांची कागदपत्रंही जपा. १९९७ मध्ये ‘डूम’ या गेमचा सोर्स कोड खुला झाला तो आवाजाच्या कोडशिवाय, कारण साउंड लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. ‘अ‍ॅलन वेक’ हा गेम २०१७ मध्ये विक्रीतून उतरला तो गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपल्यामुळे. परत आला २०१८ मध्ये. विकत घेतलेला प्रत्येक फाँट, आवाज, मॉडेल यांची पावती आणि मुदत एका तक्त्यात मांडा.

मोठ्या स्टुडिओंचं म्हणाल, तर फार भारावून जाऊ नका. ‘किंगडम हार्ट्स’ (२००२) हा गेम एचडीत आणताना मूळ डेटा सापडेना. बरंच काम नव्यानं करावं लागलं.

वर्षातून एकदा कोऱ्या संगणकावर फक्त बॅकअपमधून बिल्ड काढा, म्हणजे चालणारा गेम बांधून पाहा. युनिटीचं लायसन्स आधी चालू करून घ्या, मग इंटरनेट तोडा. बिल्ड जिथे अडेल, तिथली वस्तू तुमच्या बॅकअपमध्ये नाही.