आत्माच नाही तर पुनर्जन्म कोणाचा?

तुमचे दोन प्रश्न आहेत. बौद्ध आत्मा मानत नाहीत तर पुनर्जन्म नेमका कोणाचा होतो, आणि कर्म, पुनर्जन्म, मुक्ती सगळं हिंदू आणि बौद्ध दोन्हीकडे आहेच तर शेवटी दोघं एकच सांगतात असं का म्हणू नये. पहिलं सुटलं की दुसरं बऱ्यापैकी सुटतं म्हणून तिथूनच सुरू करतो.

त्याआधी एक गैरसमज बाजूला काढू. हिंदू देव मानतात, बौद्ध मानत नाहीत हा फरक सगळे पहिला सांगतात, पण दर्शनांच्या लेव्हलला तो टिकत नाही. सांख्य दर्शनाचा मुख्य ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेत सृष्टी निर्माण करणारा ईश्वर नाहीये, आणि कुमारिल भट्टासारखा वेदांचा कट्टर मीमांसक (वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाचा पंडित) जगाला कोणी निर्माता आहे या कल्पनेवरच तुटून पडतो. खरा फरक आत्म्याचा आहे. सांख्य, न्याय, मीमांसा, अद्वैत, द्वैत आपसात कितीही भांडू देत, देह-मनापलीकडे न मरणारं काहीतरी आहे हे सगळ्यांनाच मान्य आहे.

आता बृहदारण्यक उपनिषद बघा. जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्य ऋषीला विचारतो की माणूस मेला, वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, मग तो माणूस कुठे राहिला? याज्ञवल्क्य म्हणतो हात दे, हे चारचौघांत बोलायचं नाही, आणि दोघं बाजूला जाऊन जे बोलतात ते कर्माबद्दल, पुण्याने माणूस पुण्यवान होतो आणि पापाने पापी. मला हा प्रसंग प्रचंड आवडतो कारण इथे उत्तरात आत्मा नाही, कर्म आहे, म्हणजे बुद्धाच्या अगदी जवळ. पण त्याच उपनिषदात पुढे सांगितलंय की गवतावरची जळू जशी एका पात्याच्या टोकाला जाऊन दुसरं पातं पकडते आणि स्वतःला ओढून घेते तसा आत्मा हा देह सोडून दुसरा धरतो. इथे जाणारा कोणीतरी आहे.

बुद्ध नेमकं हेच नाकारतो. सारनाथला पाच भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या उपदेशात तो रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती), विज्ञान (जाणीव) असे पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते पाच घटक, एकेक करून तपासतो. शरीर जर खरंच 'मी' असतं तर ते आजारी पडलं नसतं, ते असं असू दे तसं नको असं मला म्हणता आलं असतं, तसं होत नाही. बाकी चारांचंही तेच. जे अनित्य आणि दुःख देणारं आहे त्याला 'हा माझा आत्मा' म्हणणं योग्य आहे का, असं तो विचारतो आणि भिक्खू नाही म्हणतात.

मग जन्म कोणाचा? हा प्रश्न ग्रीक राजा मिलिंदानेही बौद्ध भिक्खू नागसेनाला विचारला होता. नागसेन म्हणतो एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात जातं का? नाही, तरी दुसरा पहिल्यामुळेच पेटला. जळू आणि ज्योत हे दोन दाखले शेजारी ठेवा, सगळा वाद त्यात आहे. मग केलं एकाने आणि भोगलं दुसऱ्याने असं होत नाही का? त्यावर आंबेचोराचा दाखला येतो. चोर म्हणतो मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, तरी राजा त्याला शिक्षा देणारच, कारण हे आंबे त्या आंब्यांतूनच आलेत. हे उत्तर मला पूर्ण पटतं, जबाबदारीसाठी 'तोच' लागत नाही, अखंड कार्यकारणभाव पुरतो.

आपल्याकडे हा प्रश्न नुसता पोथीतला नाहीये. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसा, ही अडचण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतच मांडलीय. त्यांचं उत्तर नागसेनापेक्षाही वेगळं आहे, मेल्यावर पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्यं आपापल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा एकत्र येतात, आत्म्याचा पुनर्जन्म नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दिलेल्या 22 प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही हे आहे ते या विचाराला धरूनच वाचावं, पिंड घ्यायला पलीकडे कोणी नाहीच.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सगळ्यात जवळ येतं ते अद्वैत, आत्मा आणि ब्रह्म एकच मानणारं दर्शन. शंकराचार्यांच्या आधीचा अद्वैती गौडपाद, त्याच्या कारिकांचं चौथं प्रकरण वाचताना मध्येच माध्यमिक, म्हणजे बौद्धांच्या शून्यवादी पंथाचा, ग्रंथ वाचतोय असं वाटतं, शंकराचार्यांच्या मायावादाला विरोधकांनी प्रच्छन्न (छुपा) बौद्ध म्हटलं ते उगाच नाही. पण त्याच प्रकरणाच्या शेवटाकडे 'हे बुद्धाने सांगितलेलं नाही' असंही स्पष्ट आलंय आणि शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्धांचं सविस्तर खंडन करतात. 'नेति नेति' (हे नाही, हे नाही) म्हणत सगळं बाजूला सारल्यावर जो उरतो तोच तू, हे अद्वैत. बुद्ध तो उरलेलाही हातात धरू देत नाही. वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने आत्मा आहे का विचारलं तेव्हा बुद्ध गप्प बसला, नाही का विचारलं तेव्हाही गप्पच, आणि नंतर आपला शिष्य आनंद याला कारण सांगितलं, आहे म्हटलं असतं तर शाश्वतवाद्यांची (आत्मा कायम टिकतो म्हणणाऱ्यांची) बाजू घेतल्यासारखं झालं असतं, नाही म्हटलं असतं तर तो आधीच गोंधळलेला माणूस 'माझा आत्मा होता, आता तो नाही' म्हणत आणखी गोंधळला असता.

म्हणून अद्वैताची मुक्ती म्हणजे मी मुळात कोण हे ओळखणं आणि बुद्धाची म्हणजे ते 'मी' धरून ठेवणारी तृष्णा विझणं. दोन्हींचा मान ठेवायचा म्हणून दोन्ही एकच म्हणू नका, याज्ञवल्क्यालाही ते चाललं नसतं आणि बुद्धालाही नाही.