हाय-फ्लोवरचं बाळ

प्रश्न : आमची मुलगी आठ महिन्यांची, वजन ८ किलो. ब्राँकिओलायटिसमुळे (फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांची सूज) तिला हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरानं हवा-ऑक्सिजन देणाऱ्या मशिनवर, ठेवलंय. मशिनवर १६ आणि ४० असे आकडे दिसतात. हा व्हेंटिलेटरच का? दूध बंद करून रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) का घातली?
— एक आई, नाशिक

उत्तर : व्हेंटिलेटर नव्हे, श्वास ती स्वतःच घेते आहे. १६ म्हणजे मिनिटाला सोळा लिटर हवा, किलोमागे २ लिटर या हिशेबानं. ४० म्हणजे त्या हवेतल्या ऑक्सिजनची टक्केवारी. साध्या हवेत तो २१ असतो. ही हवा ओलसर आणि जवळपास ३७ अंशांपर्यंत तापवलेली असते, म्हणून एवढा जोर नाकाला सोसतो. नाकातल्या साध्या ऑक्सिजनच्या नळीनं तान्ह्याला मिनिटाला साधारण २ लिटरच देतात. जोराच्या प्रवाहानं नाक-घशातली वापरलेली हवा धुऊन निघते आणि श्वासाचे कष्ट कमी होतात.

मात्र प्रत्येक बाळाला आल्याआल्या हाय-फ्लो लावायची घाई नको. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या १,४७२ बाळांच्या अभ्यासात (२०१८) साध्या ऑक्सिजनवरच्या २३ टक्के बाळांचे उपचार वाढवावे लागले, हाय-फ्लोवरच्या १२ टक्के. पण रुग्णालयातला मुक्काम काही घटला नाही. साध्या ऑक्सिजननं भागत नसलेल्या दहापैकी सुमारे सहा बाळांना नंतर लावलेला हाय-फ्लोही पुरला.

मिनिटाला साठ-सत्तर श्वास घेणारं बाळ दूध ओढायला गेलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून नळी. तीतून तुमचं काढलेलं दूध देता येतं, आणि पोटात भरलेली हवाही सिरिंजनं काढता येते. पोट टम्म फुगलं तर छातीला हलायला जागा उरत नाही.

पहिले एक-दोन तास महत्त्वाचे. श्वासाचा आणि नाडीचा वेग साधारण पाचव्या हिश्शानं उतरायला हवा, पोट उडणं कमी व्हायला हवं. तसं झालं नाही, ऑक्सिजन ५०-६० टक्क्यांपुढे न्यावा लागला किंवा श्वास मध्येच थांबू लागला, तर पीआयसीयू, म्हणजे मुलांचा अतिदक्षता विभाग. रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या बोटावरच्या यंत्राच्या आकड्यावरच फक्त विसंबू नका. ऑक्सिजन वाढवला की ९५ दिसतं, आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो. रडणारं बाळ एकाएकी गप्प, मलूल झालं तर लगेच सिस्टरांना हाक मारा. ते थकलेलं असू शकतं.

नाकातल्या नळ्या घट्ट बसलेल्या नकोत. नाकपुडी निम्मी मोकळी हवी, नाहीतर दाबाला बाहेर पडायला वाट राहत नाही. मशिन बाळापेक्षा खाली असावं, म्हणजे नळीत जमलेलं पाणी नाकात उतरत नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या रुग्णालयात पाइपलाइन नाही. हाय-फ्लोवरच्या अशा बाळाला ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर किती तास पुरेल?
— एक परिचारिका

उत्तर : बाहेरची हवा स्वतः ओढणारं मशिन असेल तर हिशेब असा : टक्केवारीतून २१ वजा करा, ७९ नं भागा, प्रवाहानं गुणा. १६ लिटर, ४० टक्के म्हणजे मिनिटाला सुमारे ३.८५ लिटर. ७,००० लिटरचा सिलिंडर साधारण ३० तास जातो. ६० टक्क्यांवर पंधरा तासही नाही, १०० टक्क्यांवर जेमतेम सात. दुसरा भरलेला सिलिंडर पहिला अर्धा झाला की आणून ठेवा.

वीज ही मोठी अडचण. अनेक मशिनांना आत बॅटरी नसते. वीज गेली की आधी फ्लोमीटर (सिलिंडरवरचा ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारा नॉब) बंद करा. बंद मशिनमध्ये ऑक्सिजन साठला तर आगीचा धोका असतो. मग बाळाला साधी नळी लावा. ती आणि अँबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) खाटेशीच हवी, कपाटात नव्हे.