पासवर्ड मुलीला परत द्या

नाशिकहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी पुण्यात टी.वाय.ला, चिनी भाषा शिकते, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी लेव्हल पास. तिला चिनी बायकांच्या ऑनलाइन लिखाणावर संशोधन करायचंय. यांना ती कंपनीत दुभाषी व्हायला हवीय. ‘याला स्कोप काय? तिथे सगळ्यावर बंदी, अभ्यासाला उरलंय काय?’

मी मात्र तुमच्या शेवटच्या ओळीपाशीच अडकलो. ‘छेडछाडीवर काहीबाही लिहायची, म्हणून ब्लॉगचा पासवर्ड काढून घेतला. स्थळं बघतोय, कुणी वाचलं तर?’ अहो, एकवीस वर्षांची मुलगी ती! छेड काढणारा मोकळा, आणि लाज तुम्हाला तिच्या लिहिण्याची वाटली. चिनी सेन्सॉर समजून घ्यायला तिला बीजिंगला जायची गरज नाही, घरातच सोय आहे.

आता बंदीचं. बंदी आली की लिखाण संपतं, हा समज आधी काढून टाका. 2015च्या महिला दिनाच्या तोंडावर बस-मेट्रोतल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटायच्या बेतात असलेल्या पाच जणींना चिनी पोलिसांनी उचललं, 37 दिवस डांबलं. 2018च्या महिला दिनाच्या रात्री वेइबो या चिनी सोशल मीडियावरचं ‘स्त्रीवादाचा आवाज’ हे गाजलेलं खातं बंद पडलं. त्याच वर्षी मीटूच्या हॅशटॅगवर कात्री चालली, तर बायकांनी भाताचा वाडगा आणि ससा अशी चित्रं टाकली. चिनीत ‘मी’ म्हणजे तांदूळ, ‘तू’ म्हणजे ससा. पाहणाऱ्याला भात आणि ससा, मोठ्याने वाचणारीला मीटू! असलं लिखाण उलगडायला कंपनीतली चिनी पुरत नाही, भाषा अंगात मुरावी लागते.

मार्ग नेहमीचेच: सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन दिल्लीच्या जेएनयूत एमए, सोबत एचएसकेची पाचवी लेव्हल.

मुलीला एक तंबी. चीनमधल्या मीटू चळवळीतल्या पत्रकार ह्वांग श्वेचिन यांना 2024मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. वेइबो 2022पासून प्रत्येक खात्यापाशी प्रांतही दाखवतं. तिथल्या साध्या बाईची पोस्ट खात्याच्या नावासकट प्रबंधात छापू नकोस. पदवी तुला मिळेल, पोलीस तिच्या दारात येतील.

आणि बाबा, स्कोपचं पुढच्या पत्रात बघू. ते पत्र मुलीला लिहू द्या, आणि पोस्टात टाकण्याआधी वाचू नका.