मेंदूच्या देठात रक्तस्राव झाल्याचं कसं ओळखावं?

तुम्ही विचारलंय, म्हापशाच्या मामांना बीपी आहे, सकाळी एकाएकी चक्कर, उलटी आणि एकाचे दोन दिसायला लागले. हे पित्त की मेंदूतला रक्तस्राव? घरी बसून ते ठरवता येत नाही. लिंबूपाणी देत थांबू नका, १०८ ला फोन करा आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या.

मेंदूचा देठ म्हणजे मेंदूला पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा भाग; तिथून श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, शुद्धीवर राहणं, सगळं चालतं. म्हणून तिथे थोडंसं रक्त साचलं तरी जीभ जड होते, तोंड एका बाजूला तर हात-पाय दुसऱ्या बाजूचे लुळे पडतात, तोल जातो. रक्तस्राव मोठा असेल तर माणूस बघता बघता बेशुद्ध होतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. बहुतेकदा मुळाशी वाढलेलं बीपीच असतं.

निदान सीटी स्कॅनवर होतं, ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. तरुण रुग्णात किंवा बीपी नसताना रक्तवाहिन्यांचा सदोष गुंता शोधायला पुढे एमआरआय, अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचं चित्र काढणारी तपासणी) करतात.

स्कॅनआधी ॲस्पिरिन अजिबात देऊ नका. रक्तस्राव असेल तर तो वाढेल. तोंडाने पाणीही नको, ठसका लागून फुप्फुसात जातं. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, रक्त पातळ करणारी तर नक्कीच.